माळ आणि गाडीची किल्ली

आमच्या फडावरचा एक तरुण माळकरी पार्सले पोचविणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागला. लायसन्स हलक्या मोटारीचे. ७,५०० किलोपर्यंतच्या मालगाडीला तेवढे पुरते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली पुन्हा सांगितलेच आहे. कागदात काही उणे नव्हते. साहेबांनी विचारले, "लांब रजा बिजा लागेल काय?" हा म्हणाला, "नाही साहेब."

आता ज्येष्ठ वद्य आले. आळंदीहून पायी पंढरी म्हणजे अठरा-वीस दिवस. तो विचारतो, आजारपण सांगून निघू का? देवासाठी बोललेल्या खोट्याला पाप कसले?

मंडळी, त्या खोट्याचा भार उचलतो कोण? दुसरा ड्रायव्हर. तो आपल्या घरांबरोबर याचीही घरे फिरतो, अपरात्री जेवतो. ही वारी मग कोणाच्या पायांनी झाली?

माळ घालताना वारीची भाक त्याने आधीच दिली होती. दुसरी देताना पहिली सांगायला जीभ अडखळली, ती पोटासाठी, हे आम्ही जाणतो. कोणी सावतोबांचा दाखला देईल की ते अरणचा मळा सोडून पंढरीस गेले नाहीत. खरे, पण त्यांनी कोणाला फसविलेही नव्हते.

आम्ही म्हटले, बाबा, उद्याच साहेबांना खरे सांग, बिनपगारी रजा माग. नाही म्हणाले तर? नोकरी सोड म्हणण्याचा अधिकार आम्हांला नाही. आमची चूल त्या पगारावर पेटत नाही. एकादशीला नामस्मरण करीत पार्सले वाटावीत. पुढच्या आषाढीची रजा मात्र आजच मागून ठेवावी.