डोकी मोजावीत की खोल्या?

त्र्यंबकेश्वरच्या लॉजवाल्यांना खोल्यांच्या बुकिंगचे सॉफ्टवेअर मासिक वर्गणीने विकायचे, तर दर किती यापेक्षा मोजायचे काय, हे आधी ठरवावे लागते. धंद्यातली रूढ पद्धत माणशी आकारणीची: जितके वापरणारे, तितक्या पट पैसे. हिशेब सोपा, बिल चटकन समजते.

समजा, माणशी महिना ४०० रुपये. २० खोल्यांच्या लॉजवर एरवी मालक, मुलगा आणि रात्रीचा मॅनेजर, बिल १,२००. श्रावण लागला, तिसऱ्या सोमवारच्या ब्रह्मगिरीच्या फेरीसाठी गर्दी लोटली, मालकाने आणखी पाच जण कामाला लावले. बिल ३,२००. खोल्या मात्र तेवढ्याच. मग मालक आपला पासवर्ड आठही जणांना सांगून मोकळा होतो. मला यात लबाडी दिसत नाही. दरानेच त्याला ती वाट दाखवली. पण रात्री एकच खोली दोन कुटुंबांना दिली गेली आणि कोणी दिली हे पाहायला गेले, की नोंदीत सगळीकडे मालकाचेच नाव. ज्या चोख नोंदीसाठी सॉफ्टवेअर घेतले, तीच गेली.

माणशी दर खोटा नव्हे. नाशिकच्या एखाद्या सीएच्या ऑफिसात तो चपखल बसतो, कारण तिथे एक सहायक वाढला की फायली वाढतात, फी वाढते. लॉजची कमाई खोल्यांना बांधलेली.

मोठ्या कंपन्यांनाही ही अडचण आली. ऑफिसातल्या संदेशांच्या स्लॅकने प्रत्यक्ष वापरणाऱ्यांचेच पैसे घेण्याची सोय केली. डिझाइनच्या फिग्माने बदल करणाऱ्याला आकार लावला, नुसते पाहणाऱ्याला फुकट ठेवले. ही दुसरी युक्ती मला अधिक शहाणी वाटते. कोणती खोली झाडायची एवढेच फोनवर पाहणारा पोऱ्या आणि बुकिंग रद्द करू शकणारा मॅनेजर यांना एकाच दराने कसे मोजायचे? टप्प्यांचे दर, म्हणजे पाचपर्यंत इतके, पुढे इतके, हा मधला मार्ग झाला. पण मग सहावा माणूस कधीच नोंदला जात नाही.

बुकिंगमागे पैसे घ्यावेत का? पौष वद्य एकादशीच्या निवृत्तिनाथांच्या यात्रेत विकणारा खूश, पुढे मंदी आली की तोच चिंतेत. शिवाय थोडी बुकिंगे पुन्हा वहीत जातील. लपवता येईल अशी गोष्ट मोजली की ती लपवली जाणारच. खोली लपत नाही. तिच्या दारावर नंबर असतो.

म्हणून खोलीमागे महिना ६० रुपये, माणसे हवी तितकी. २० खोल्यांना तेच १,२००. यात विकणाऱ्याचे श्रावणातले जादा उत्पन्न बुडते, हे खरे. २०१५ नंतरचा सिंहस्थ कुंभमेळा आता २०२६-२७ मध्ये येतोय. तेव्हा एकेका काउंटरवर डझनभर माणसे बसली तरी बिल हलणार नाही. पण त्या डझनभरांपैकी प्रत्येकाचे स्वतःचे लॉगिन असेल, आणि सिंहस्थ आटोपल्यावर सॉफ्टवेअर बंद करायचे म्हटले, तर मालकाला त्या सगळ्यांना पुन्हा वही शिकवावी लागेल. वर्गणी मात्र वर्षाची एकदम मागावी, आणि ती श्रावण सरल्यावर, गल्ल्यात पैसे असताना.