जाणारा आणि राहणारा

धाडसी कोणाला म्हणावे? वाळवंट ओलांडून जाणाऱ्याला, की वाळवंटाच्या कडेला दार उघडे ठेवून बसणाऱ्याला? प्रश्न ऐकताच आपले मन जाणाऱ्याच्या बाजूने कौल देऊन मोकळे होते. त्याच्या अंगावर धूळ असते, त्याच्याजवळ सांगायला गोष्ट असते. राहणाऱ्याजवळ फार तर हिशेबाची वही असते. आणि वहीला कोणी टाळ्या वाजवीत नाही.

ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंड राज्याच्या नैऋत्येस बर्ड्सव्हिल नावाचे शंभर-सव्वाशे वस्तीचे गाव आहे. त्याच्या पश्चिमेला सिम्पसनचे वाळवंट पसरले आहे. वाळूच्या हजाराहून अधिक टेकड्या, एकीमागे एक, समांतर ओळींत उभ्या. आडवाटेची हौस असलेले मोटारसायकलवाले नि जीपवाले त्या ओलांडीत येतात. गावाच्या अलीकडे सुमारे ३५ किलोमीटरांवर ‘बिग रेड’ ही शेवटची मोठी टेकडी ते चढतात, आणि मग गावातल्या एका बैठ्या दगडी इमारतीपुढे गाड्या उभ्या करतात. १८८४ सालचे हे बर्ड्सव्हिल हॉटेल. खाणावळ, मद्यगृह आणि मुक्कामाची जागा, सारे एकाच आवारात.

मद्यगृह म्हणताच आपल्यापैकी अनेकांच्या कपाळाला आठी पडेल. पडू द्या. पण त्या मुलखात नुसत्या पाण्याचे मोल काय आहे, तेही ध्यानात घ्या. गावातून दक्षिणेकडे जाणारी वाट ५१७ किलोमीटरांची. १९६३ च्या डिसेंबरात, ऐन नाताळच्या दिवसांत, त्या वाटेवर पाच जणांचे एक कुटुंब तहानेने मेले. गावाचे पाणी हजार मीटरांहून खोल असलेल्या कूपनलिकेतून येते, आणि येते तेच जवळजवळ उकळते. निववल्यावाचून ते पिता येत नाही.

कोणी म्हणेल, हॉटेलवाला पैसे घेतो. पाणपोई घालणारा घेत नाही. मग त्यात पुण्य ते कसले? आक्षेप रास्त आहे. हॉटेलवाला संत नाही, नफ्यासाठीच तो बसला आहे. तथापि पैशाने काय फिटते, हे पाहिले पाहिजे. ताटाचे आणि पेल्याचे दाम फिटते. परंतु टेकड्या चढताना ‘पलीकडे कोणीतरी आहे’ या भरवशावर स्वाराने जे धैर्य केले, त्याचे दाम कोणत्याच पावतीवर नसते. दरवर्षी १ डिसेंबर ते १५ मार्च हे वाळवंटातले राष्ट्रीय उद्यान उन्हाळ्यामुळे बंद असते. स्वार आपापल्या शहरांत परततात. गाव मात्र तिथेच असते.

म्हणून जाणाऱ्याचे धाडस खोटे ठरत नाही. १९३६ साली टेड कोलसन आणि त्याचा आदिवासी सोबती पीटर एन्स उंटांवरून हे वाळवंट ओलांडून बर्ड्सव्हिलला आले, आणि थोड्या विसाव्यानंतर पुन्हा वाळवंटातूनच परत गेले. अशा माणसांपुढे मान लवलीच पाहिजे. पण त्याच्याही आधीची एक गोष्ट आहे. १८८६ साली डेव्हिड लिंडसे नावाचा भूमापक या वाळवंटात शिरला, तेव्हा वांगकांगुरू जमातीच्या एका माणसाने त्याला एकामागून एक नऊ विहिरी दाखविल्या. टेकड्यांमधल्या खोलगटांत खणलेल्या या विहिरींना ते लोक ‘मिकिरी’ म्हणत. ज्याला परका माणूस ओसाड म्हणत होता, तिथे त्यांची घरे होती, पिढ्यान्‌पिढ्या राखलेले पाणी होते. शोधकाचे नाव इतिहासात राहिले. विहिरी राखणाऱ्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत?

मला वाटते, धाडस हे एकट्याचे कधीच नसते. जाणाऱ्याच्या पायाखाली कोणाच्या तरी राहण्याची जमीन असते. राहणारा प्रेमाने राहिला, की पोटासाठी, की नाइलाजाने, हा प्रश्न दुय्यम आहे. त्याच्या असण्यावर आपण विसंबलो, एवढ्यानेच आपण त्याचे ऋणी झालो. ते ऋण जास्त पैसे टाकून फिटणार नाही. आपली गोष्ट सांगताना तीत त्याला जागा द्यावी, आणि त्याची गोष्टही ऐकावी, एवढेच आपल्या हाती आहे.

या दिवाळीत दूरदूरची माणसे घरी परततील. फराळाच्या ताटाभोवती प्रवासाच्या, नोकरीच्या, परमुलखाच्या गोष्टी रंगतील, आणि वर्षभर घर सांभाळणारे त्या कौतुकाने ऐकतील. त्यांच्यापैकी कोणाला तरी एकदा विचारावे, “आणि इथे तुमचे कसे काय चालले होते?” उत्तर लांबले, तरी मध्येच उठू नये.