फुकटचें पाहणें

गेल्या दिवाळींत आमच्या भाच्यानें नुकत्याच लागलेल्या एका मराठी चित्रपटाची प्रत फोनांत आणून घरांतील सर्वांस दाखविली. ती चोरून काढलेली आहे हें पहिल्याच क्षणीं कळलें. पडद्याच्या कडेस प्रेक्षकांचीं डोकीं हलत होतीं. तरीही आम्ही शेवटपर्यंत बसून राहिलों. नंतर "यांत चोरी ती कोणती? मूळ चित्रपट जेथल्या तेथें आहे," असें त्यानें विचारलें, तेव्हां वर्गांत वर्षानुवर्षें नीतिशास्त्र शिकविणाऱ्या आम्हांस चटकन् उत्तर सुचलें नाहीं.

प्रश्न पोरकट नव्हे. शेजाऱ्याची गाय नेली तर त्याचा गोठा रिकामा होतो; चित्रपट हजार जणांनीं नेला तरी तसूभर कमी होत नाहीं. विद्या दिल्यानें वाढते, असें आपणच मुलांस सांगतों. मग येथें हरवतें तें काय? आमच्या मतें, वस्तु नव्हे, वर्गणी. १९१२ सालीं दादासाहेब फाळके विम्याची पॉलिसी गहाण टाकून विलायतेस गेले. सरस्वतीबाईंचे दागिनेही या उद्योगांत गेले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'स प्रेक्षकांनीं तिकिटाचे पैसे मोजले, म्हणून पुढचे चित्रपट निघाले. खर्च आधीं एकानें करावयाचा आणि तो मागाहून सहस्रावधि लोकांनीं थोडथोडा वांटून घ्यावयाचा, असा हा व्यवहार आहे. फुकट पाहणारा आपला वांटा तिकीट काढणाऱ्या शेजाऱ्याच्या माथीं मारतो, आणि उत्सवाची वर्गणी चुकवून प्रसादाच्या पंक्तींत पुढें बसतो.

चोरून चित्रण करणारास व तसली प्रत लोकांस दाखविणारास २०२३ च्या कायदेदुरुस्तीनें ३ महिन्यांपासून ३ वर्षांपर्यंत कैद व निदान ३ लाख रुपये दंड ठेविला आहे. फुकट प्रती वांटणाऱ्या ठिकाणांवरून फोनांत घातक आज्ञावली शिरून बँकेचे परवलीचे शब्दही जाऊं शकतात. पण भीतीपोटीं सुचलेल्या सचोटीस आम्ही फारसा मान देत नाहीं.

एक अडचण मात्र खरी. नवा चित्रपट चित्रपटगृहांत, मागाहून बहुधा वर्गणीच्या ओटीटीवर मिळतो. जुने कांहीं तर निर्मात्यांनीं स्वतःच यूट्यूबवर ठेविले आहेत. परंतु प्रदर्शनानंतर ६० वर्षें टिकणाऱ्या स्वामित्वहक्काच्या जोरावर एखाद्या मालकानें चित्रपट कुलपांतच ठेविला, ना विकला ना दाखविला, आणि कोणा अभ्यासकानें त्याची नक्कल जपली, तर? तेथें वर्गणी मागणाराच कोणी नाहीं. त्या अभ्यासकास चोर म्हणावयास आमची जीभ अद्याप वळत नाहीं.

आमच्या भाच्याच्या चित्रपटास असली कोणतीच सबब नव्हती. दुसऱ्या आठवड्यांत आम्ही त्याला घेऊन तिकिटें काढावयास गेलों. खिडकीवरच्या माणसानें सांगितलें कीं, प्रेक्षक नव्हते म्हणून तो चित्रपट गुरुवारींच उतरविला.