ठरलेले पत्ते



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १८, श्लोक ५९ ते ६३

आजचे पाच श्लोक सलग वाचले की गोंधळायला होतं. भगवंत अर्जुनाला आधी सांगतात की, अहंकाराने तू ‘लढणार नाही’ म्हणतोयस खरं, पण तुझा स्वभावच तुला लढायला लावेल. पुढे म्हणतात, ईश्वर सगळ्यांच्या हृदयात बसला आहे आणि यंत्रावर बसवल्यासारखं सगळ्यांना मायेने फिरवतो आहे. त्यालाच शरण जा, असंही सांगतात. आणि लगेच ६३ व्या श्लोकात म्हणतात की, मी सांगितलं त्याचा पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसं वाग.

अरे, मग नक्की काय? आपण यंत्रावर बसलोय की आपल्याला इच्छा आहे?

हा प्रश्न मला पोथीत सुटला नाही. थोडाफार सुटला तो एका व्हिडिओ गेममुळे. हसू नका, सांगतो.

‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. रिचर्ड गारफील्ड यांनी तयार केलेला हा खेळ १९९३ साली बाजारात आला. जादूगार, राक्षस, मंत्र असा सगळा मामला. त्यावरचा ‘ड्युएल्स ऑफ द प्लेन्सवॉकर्स’ हा व्हिडिओ गेम २००९ मध्ये आला, आणि पुढच्या वर्षी कॉम्प्युटरवर आल्यावर मी हॉस्टेलच्या खोलीत त्याच्या नादी लागलो. समोर कॉम्प्युटर असतो आणि तो एकेका जादूगाराच्या नावाने खेळतो. प्रत्येकाचा कॅट, म्हणजे डेक, आधीच बांधून दिलेला. चांड्राकडे आगीचे मंत्र. गॅरककडे जंगलातले धिप्पाड प्राणी. जेस तर तुम्ही मंत्र टाकलात की जागच्या जागी तो रद्दच करणार. पत्ते दरवेळी नव्याने पिसले जातात, त्यामुळे कुठला पत्ता कधी हातात येईल ते ठरलेलं नसतं. पण कॅटमध्ये काय आहे ते ठरलेलं, आणि ते त्याने ठरवलेलं नाही.

दहा-बारा डाव झाले की समोरचा पाठ होतो. चांड्रा आता आग टाकणार, टाकलीच. मग तुम्ही तिला हरवण्यापुरताच विचार करता. ती हरली म्हणून वाईट वाटत नाही, जिंकली म्हणून रागही येत नाही. कारण तिला कोणी कधी ‘विचार कर आणि तुझ्या इच्छेने वाग’ असं म्हटलेलंच नाही. तिच्यापुरता ६१ वा श्लोक आहे, ६३ वा नाही.

आता खरी गोष्ट. आमच्या दादाचे पत्तेही मला असेच पाठ होते.

बाबा गेल्यावर आमच्यात आईवरून आणि घरावरून कुरबुरी सुरू झाल्या. दर भांडणात दादाचा क्रम तोच. आधी, “तुला काय कळतंय, तू पुण्यात बसून बोलतोस.” मग केलेल्या खर्चाचा हिशोब. मग बाबांचा विषय. मग फोन कट. मी बायकोला आधीच सांगायचो, आता हे म्हणेल बघ, आणि तो तेच म्हणायचा. मला त्यात एक प्रकारची मजाही यायला लागली होती, हे कबूल करतो.

बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमले होते. घराचा विषय निघाला. दादा हिशोबावर येणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी त्याच्या आधीच पत्ता टाकला. त्याने धंद्यात बुडवलेल्या पैशांची गोष्ट चारचौघांत काढली. त्याचं सगळ्यात दुखरं ठिकाण तेच, हे मला माहीत होतं आणि म्हणूनच काढली. दादा एक शब्द बोलला नाही. चप्पल घातली आणि बाहेर गेला. पंगत वाढलेली होती. आईने त्याचं पान उचललं.

डाव मी जिंकलो होतो. त्या दिवसापासून आम्ही दीड वर्ष बोललो नाही.

एवढे दिवस मी मनाला एकच सांगत होतो, “त्याचा स्वभावच तसा आहे.” ऐकायला हे समजूतदारपणाचं वाक्य वाटतं. आज हे श्लोक वाचताना लक्षात आलं की त्यात केवढी हिंसा होती. मी दादाला ६१ व्या श्लोकात बसवलं आणि ६३ वा स्वतःसाठी राखून ठेवला. तो यंत्र, मी विचार करून वागणारा. भगवंतांनी तर ‘सगळ्या भूतांच्या हृदयात’ म्हटलंय. म्हणजे जो माझ्या हृदयात आहे तोच दादाच्या. ज्याच्या हृदयात ईश्वर बसलाय त्याला मी कॉम्प्युटर समजून खेळलो.

आणि मी तरी कुठे मोकळा होतो? मनाला लागलेली प्रत्येक गोष्ट जपून ठेवायची आणि नेमक्या वेळी काढायची, हा माझा ठरलेला पत्ता. दादालाही तो पाठ असणार. फक्त त्याने तो कधी माझ्यावर उलटवला नाही.

त्या गेममधल्या आणखी दोन गोष्टी आठवल्या. पहिली, समोरच्याला हरवलं की त्याचा कॅट तुम्हाला खेळायला मिळतो. गॅरकचा कॅट हातात आल्यावर मी सटासट हरलो! तो समोर असताना वाटायचं, याचं काय, नुसते मोठे मोठे प्राणी टाकायचे. स्वतः खेळताना कळलं की ते प्राणी उतरवायला लागणारी ताकद गोळा होईपर्यंत ते हातात नुसते अडकून पडतात आणि तोवर आपण मार खात असतो. दादाचे पत्ते माझ्या हातात आले असते तर? बाबांचं पहिलं आजारपण आलं तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. शिक्षण अर्धवट सोडून दुकानात बसला, म्हणून मी हॉस्टेलवर राहून शिकू शकलो. आणि हे गेमही खेळू शकलो. ‘तुला काय कळतंय’ या वाक्यामागे हे सगळं आहे, आणि खरंच, मला कळलं नव्हतं.

दुसरी गोष्ट माझ्या साधनेसाठी. त्या पहिल्या गेममध्ये कॅटमधले मूळ पत्ते काढून टाकता येत नसत. जिंकाल तसे नवे पत्ते मिळायचे आणि ते त्यात फक्त घालता यायचे. तेव्हा चिडचिड व्हायची. आज वाटतं, प्रारब्धाचं आणि साधनेचं नातं काहीसं असंच आहे. माझा जुना राग निघून जाणार नाही. पण रोजचं नामस्मरण, थोडं वाचन, सत्संग, एखादी सेवा असे पत्ते पडत गेले तर कॅट मोठा होत जातो आणि तो जुना पत्ता कमी वेळा हाताला लागतो.

आणि लागला तरी काय? हातात आलेला प्रत्येक पत्ता टाकलाच पाहिजे, असा नियम नाही. तिसऱ्या अध्यायात भगवंत हेच सांगतात. ज्ञानी माणूसही आपल्या स्वभावाप्रमाणेच वागतो, हे ते आधी मान्य करतात. लगेच पुढच्या श्लोकात म्हणतात की राग आणि द्वेष इंद्रियांच्या वाटेवर बसलेले आहेत, त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस. पत्ता हातात येणं हे प्रारब्ध. तो खाली टाकणं हे माझं कर्म. त्या दोन्हींच्या मध्ये जो क्षण असतो, तिथे ६३ वा श्लोक आहे.

“म्हणजे समोरच्याने कसंही वागलं तरी सोडून द्यायचं का?” असं कोणी विचारेल. नाही. दादाचं चुकलं तिथे चुकलंच, आणि आईच्या बाबतीत काही गोष्टी मला अजूनही त्याच्याशी स्पष्ट बोलायच्या आहेत. पण स्पष्ट बोलणं वेगळं आणि दुखरी नस माहीत आहे म्हणून ती दाबणं वेगळं. माउलींनी पसायदानात दुष्टांचा नाश मागितला नाही, त्यांच्यातला दुष्टपणा जावा एवढंच मागितलं. माणूस बदलू शकतो हे धरल्याशिवाय असं मागणं मागताच येत नाही.

परवा एकादशीला मी दादाला फोन केला. त्याने उचलला. पहिलं वाक्य, “आज बरी आठवण झाली. तुला काय कळणार इथलं.” मग दवाखान्याचा हिशोब. माझ्या हातात उत्तर तयार होतं, अगदी जिभेवर. मी काही बोललो नाही. आता बाबांचा विषय येणार म्हणून थांबलो. तो आला नाही. दादाही थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, “आई झोपलीय आत्ता. सकाळी कर फोन. वाट बघत असते ती.”

हा पत्ता मला माहीत नव्हता.

माफी अजून मागायची आहे. फोनवर मागून भागणार नाही. चारचौघांत बोललो होतो, तर चारचौघांतच मागायला हवी. दिवाळीला सगळे घरी जमतील तेव्हा. भीती वाटतेय, खोटं कशाला सांगू.

आजचा संकल्प : ज्याच्याबद्दल आपण ‘तो तसाच आहे’ असं ठरवून टाकलंय, असा एक माणूस आठवा. आज त्याच्याशी बोलताना त्याचं पुढचं वाक्य मनात आधीच म्हणू नका. त्याला ते बोलू द्या.

पांडुरंगा, हातात काय येईल ते तू बघ. खाली काय टाकायचं, तेवढी बुद्धी दे.

राम कृष्ण हरी! 🙏