नीळ दिलेली टोपी

श्रावणातल्या शनिवारी भद्रा मारुतीच्या दर्शनाला संभाजीनगरहून माणसं रात्रभर चालत खुलताबादला येतात. वाटेवर चहा वाटणाऱ्या एका मंडळाने यंदा फोटोंचं काम गावातल्या स्टुडिओला दिलं. स्टुडिओ काकांचा, कॅमेरा पुतणीचा. तिने सातशेच्या वर फोटो काढले आणि घरी येताच शहरातल्या एका फोटोग्राफरचं रंगांचं तयार प्रीसेट सगळ्यांवर एकदम टाकलं. पहाटेचे चेहरे तांबडे झाले, उन्हातले फिकट, आणि कपाळावरचा केशरी शेंदूर कुंकवासारखा लाल. मग ती एकेक फोटो सुधारत बसली. दुपारी सकाळचाच फोटो पुन्हा उघडला, तर तोही पटेना.

काका मागे येऊन उभे राहिले. "यातले ठेवायचे कोणते?"

"ते अजून ठरवलं नाही, काका."

"मग रंगाला हात कशाला लावतेस?"

काकांची उमेदीची वर्षं डार्करूममध्ये गेलेली. अख्खा रोल आधी एकाच कागदावर लहान-लहान छापायचा, लाल पेन्सिलीने खुणा करायच्या, आणि खूण केलेल्यालाच मोठा कागद मिळायचा. मोठा छापण्याआधीही कागदाची एक पट्टी घालवून उजेडाचा अंदाज घ्यायचा. उजेड बदलला की पट्टी नवी.

पुतणी निवडायला बसली. संध्याकाळपर्यंत नव्वद उरले. त्यांचे तिने उजेडाप्रमाणे ढीग केले: रस्त्यावरच्या दिव्यांखालचे, मंदिराच्या आवारातल्या ट्यूबलाइटचे, सूर्य वर आल्यावरचे. प्रत्येक ढिगातला एकच फोटो नीट करायचा आणि तेच माप बाकीच्यांना लावायचं. पांढरा रंग ठरवायला तिने एका म्हाताऱ्या वारकऱ्याच्या टोपीवर क्लिक केलं. सगळे चेहरे पिवळट झाले.

"टोपीला नीळ दिलीय गं," काका म्हणाले. "ते पांढरं निळसरच असणार."

संगणकाने ती निळाई काढायला पिवळा ओतला होता. तिने टोपी सोडली आणि शेंदूर डोळ्यांना आठवतो तसा केशरी दिसेपर्यंत माप हलवलं.

सेव्ह करताना मात्र ती जागा वाचवायला मूळ जेपेगवरच नवा फोटो चढवणार होती. तिथे काकांनी हात धरला आणि अजिंठ्याच्या नकलांची गोष्ट सांगितली. मेजर रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं खपून अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली आणि त्यातल्या बहुतेक जळाल्या. मूळ चित्रं लेण्यांच्या भिंतींवर होती, म्हणून तर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना १८७२ पासून पुन्हा नकला करता आल्या. इथे मूळच पुसलं जाणार होतं: जेपेग दर वेळी सेव्ह करताना नव्याने दाबून साठवला जातो आणि थोडा बारकावा गमावतो. गेलेला परत येत नाही. पुतणीने मूळ फोटो दोन डिस्कवर ठेवले आणि काम प्रतींवर केलं.

मंडळाचा कार्यकर्ता म्हणाला, "ताई, हा पहाटेचा जरा उजळ करा, फ्लेक्सवर काळा येईल." तिने फ्लेक्ससाठी वेगळी प्रत उजळ करून दिली. अल्बममध्ये पहाट अंधारीच राहिली.

"आता तुझा क्रम सांग," काका म्हणाले. तिने सांगितला. त्यात फोटोची चौकट कापणं रंगाच्या आधी होतं. काका आयुष्यभर ते शेवटी करत आले होते. त्यांनी ऐकून घेतलं आणि बदलायला सांगितलं नाही.

पुढच्या शनिवारी तिच्या पिशवीत करड्या रंगाचं एक कार्ड होतं. उजेड बदलेल तिथे ती चालणाऱ्या एखाद्याच्या हाती ते देऊन आधी त्याचा फोटो घेत होती.