घरातील खमीर

आधार : मत्तय १३:३३, रोमकरांस १४:२१



शहरांतून गावी येणारे आपले कित्येक तरुण आम्हांस विचारतात, "पाळकसाहेब, घरच्या घरी बिअर करून प्यालो तर त्यात पाप कोणते? ल्यूथरसाहेबांच्या पत्नीही करीत असत ना?" हा प्रश्न टाळता येत नाही, कारण त्यातील गोष्ट खरी आहे.

कॅथरिनाबाईंचा मार्टिन ल्यूथर यांच्याशी १५२५ साली विवाह झाला. विटेनबर्ग येथील जुना मठ हेच त्यांचे घर. मुले, पोरके नातलग, विद्यार्थी व पाहुणे यांनी ते भरलेले असे. बाई बाग व गुरे सांभाळीत आणि बिअरही करीत. त्या देशी ते रोजच्या जेवणातले पेय होते. त्यांस आम्ही दोष लावीत नाही.

परंतु ही बिअर होते कशी, ते पाहा. जव भिजवून मोड आणितात, वाळवितात, भरडितात व सुमारे ६५ अंश उष्ण पाण्यात तासभर ठेवितात. तेणेकरून त्यांतील पिठाची साखर होते. तो गोड रस हॉप नावाच्या वेलीच्या कडू फुलांसह उकळून निववितात व त्यात खमीर सोडितात. येथे मनुष्याचे काम थांबते. पुढे आठ-पंधरा दिवस खमीर साखर खाऊन मद्यार्क व कर्बवायू उत्पन्न करिते. १५१६ साली बव्हेरियात नियम झाला की, बिअरमध्ये जव, हॉप व पाणी यांवाचून काही घालू नये. त्यात खमिराचे नावच नाही! जे सारे काम करिते, तेच गणतीत नव्हते. हे काम जिवंत सूक्ष्म जीवांचे आहे, आणि परके जंतू शिरल्यास बिअर नासते, हे लुई पाश्चर यांनी १८७६ च्या आपल्या ग्रंथात विशद केले. म्हणून आजही घरी बिअर करणारा भांडी निर्जंतुक करण्यात सर्वांत अधिक जपतो.

यावरून तीन गोष्टी ध्यानात घ्या.

पहिली : झाकलेले खमीर स्वस्थ बसत नाही. प्रभूने आपल्या राज्यास पिठात दडविलेल्या खमिराची उपमा दिली, ती याचसाठी. घरात जे शिरते, ते हळूहळू सारे घर व्यापते. बरे असो वा वाईट. बाप कोपऱ्यात भांडे झाकून ठेवितो, पण लेकरू ते रोज पाहते.

दुसरी : अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने घरच्या वापरापुरती बिअर करण्याची मोकळीक मिळाली. आपल्या महाराष्ट्रात मात्र १९४९ च्या दारूबंदी कायद्याने परवान्यावाचून मद्य तयार करण्यास मनाई आहे, आणि बिअरही त्यात आली. परक्या अंगणातील मोकळीक दाखवून आपल्या अंगणातील नियम मोडणे हे ख्रिस्ती मनुष्यास शोभत नाही.

तिसरी, आणि सर्वांत मोठी : आपल्या मंडळ्यांत असे बंधू आहेत की, ज्यांनी मोहाची दारू व हातभट्टी रडत-झगडत सोडिली. त्यांच्या बायकांनी गहाण पडलेली भांडी पुन्हा घरी आणिली. अशा बंधूच्या शेजारी तुमचे पीप उकळू लागले, तर तुमची ती हौस, पण त्याचे मरण. पौल म्हणतो की, भावास अडखळण होत असेल तर आपला हक्क सोडावा. आणि कॅथरिनाबाईंचे पीप दाखविणाऱ्यांनी हेही सांगावे की, खुद्द ल्यूथर यांनी १५३९ साली आपल्या देशबांधवांच्या मद्यपानाविरुद्ध कडक उपदेश केला.

कॅटेकिस्ट बंधूंनो, अशा तरुणास चारचौघांत रागे भरू नका. त्याच्या ओटीवर बसा, त्याचे सारे ऐकून घ्या, मग त्या शेजाऱ्याचे नाव हळूच घ्या. भांडे धुण्यात इतकी काळजी घेणाऱ्यास आपले अंतःकरण धुण्याची गरज पटविणे कठीण जाऊ नये.

प्रभू आपल्या घरोघरी आपल्या राज्याचे खमीर घालो. आमेन.