वानप्रस्थाचे वाहन

सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने स्वतः चालवण्यासाठी नवी मोटार घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणती, हा विषय घरात निघाला की बोलणे थेट पैशावर येते. त्याआधी तो आश्रमधर्माचा प्रश्न आहे. परंपरेने हे वय सोडण्याचे मानले आणि नवी गाडी ही तर जोडण्याची वस्तू. केस पिकले, कातडी सुरकुतली, नातवंडाचे तोंड पाहिले की गृहस्थाने वनाची वाट धरावी, असे मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात सांगितले आहे. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी असा गृहस्थ म्हणजे बहुधा निवृत्त मास्तर, पेन्शनीत निघालेला कर्मचारी किंवा शेत मुलाच्या हवाली केलेला शेतकरी. त्याला जायला वन उरलेले नाही. त्याचा डोळ्यांचा डॉक्टर, मोठी बाजारपेठ आणि निम्मी लग्नकार्ये वीसेक किलोमीटरवरच्या लातुरात आहेत.

मनुस्मृतीचा आधार घेताना ती २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाहीरपणे जाळली गेली, याचा विसर पडून चालत नाही. बौद्धांचे श्रद्धास्थान असलेले पानगावचे चैत्यस्मारक याच तालुक्यात आहे आणि इथल्या कितीतरी घरांत त्या ग्रंथाला काडीचे प्रामाण्य नाही. पण म्हातारपणी माणसाने जागेवर बसून राहावे, असे वैदिक आणि बौद्ध या दोन्ही परंपरांत कुठेच म्हटलेले नाही. महापरिनिब्बान सुत्तात ऐंशी वर्षांचे बुद्ध आपल्या देहाला आवळून-बांधून कसाबसा चालवलेल्या जुन्या गाड्याची उपमा देतात आणि त्यानंतरही कुशिनारापर्यंत चालत जातात. वानप्रस्थाचेही तसेच. वनात गेलेल्या माणसाला कंदमुळे स्वतः गोळा करावी लागत. भिक्षेवर जगणे हा पुढच्या, संन्यासाच्या आश्रमाचा भाग होता. परावलंबन हे वानप्रस्थाचे लक्षण कधीच नव्हते. त्याने सोडायचा तो पसारा आणि मिरवणे. स्वतःचे काम स्वतः उरकण्याची ताकद सोडावी, असे त्याला कोणी सांगितले नाही. गाडीकडे या कसोटीने पाहिले तर बराच गुंता सुटतो. दारात उभी राहून शेजाऱ्याच्या डोळ्यांत भरावी म्हणून घेतलेली उंच, लांबरुंद गाडी वानप्रस्थाला विसंगत ठरते. दवाखाना, बँक आणि देवदर्शन एवढ्यासाठी घेतलेली छोटी गाडी तशी ठरत नाही.

परवडण्याचा हिशेब मात्र सरळ नाही. २६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात पंचाहत्तरी पूर्ण झालेल्यांना एसटी फुकट आहे आणि पासष्ट ते पंचाहत्तर या वयाला निम्मे तिकीट लागते. म्हणजे रेणापूरहून लातूरला जाण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग आधीच उपलब्ध आहे आणि कुठलीही गाडी, कितीही चांगले अ‍ॅव्हरेज देत असली तरी, त्याच्याशी बरोबरी करू शकत नाही. गाडी घेणारा स्वस्ताई विकत घेत नसतो. तो वेळेवरचा ताबा घेत असतो: पिंपळफाट्यावर गुडघे धरून तिष्ठावे न लागणे, दवाखान्यात उशीर झाला तर शेवटच्या बसची धास्ती नसणे, पत्नीला दारातून दारापर्यंत नेता येणे. याची किंमत ज्याची त्याने ठरवायची असते. ती ठरली की गाडीची किंमत महाग की स्वस्त, हे बोलता येते.

बाकी आकडे सोपे आहेत. चार मीटरपर्यंत लांबी आणि १२०० सीसीपर्यंत पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्के अधिक उपकर यावरून १८ टक्क्यांवर आला. त्यामुळे छोटी गाडी पुन्हा निवृत्तांच्या आवाक्याजवळ आली. शोरूमच्या पाटीवरची किंमत आणि रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांत राज्याचा वाहनकर आणि विमा यांचे अंतर असते. ते आधी विचारून घ्यावे, कारण ठेव मोडून गाडी घेणाऱ्याला वरचे लाखभर रुपये जड जातात. पण स्वस्त हेच एक मूल्य मानले की काय होते, हे नॅनोने दाखवून दिले. २००९ मध्ये ती लाखाची गाडी म्हणून बाजारात आली आणि सर्वांत स्वस्त हीच ओळख तिला भोवली. दहा वर्षांच्या आत तिचे उत्पादन थांबले. काटकसर हा सद्गुण आहे, पण एअरबॅग किंवा स्वयंचलित गिअर वगळून वाचवलेले पन्नास-साठ हजार म्हातारपणी काटकसरीत मोडत नाहीत.

खरा तत्त्वज्ञानाचा पेच आहे तो भरवशाचा. नवी गाडी भरवशाची आहे हे कशावरून कळते? भरवसा म्हणजे पुढच्या दहा वर्षांबद्दलचे विधान, आणि गाडी तर काल कारखान्यातून निघालेली. न्यायदर्शनाने ज्ञानाची चार साधने मानली: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शोरूममधली ट्रायल हे प्रत्यक्ष. तिच्यातून बसायला कसे वाटते, मान किती वळवावी लागते, क्लच जड आहे की हलका, एवढे कळते. तीन पावसाळ्यांनंतर गाडी सकाळी पहिल्या चावीत सुरू होईल का, हे त्या पंधरा मिनिटांत दिसत नाही. प्रत्यक्षाखेरीज काहीच न मानणाऱ्या चार्वाकाला नवी गाडी घेताच येणार नाही. तोही बिचारा शेजाऱ्याला विचारूनच घेईल.

अनुमानाची वाट जास्त चालणारी आहे. अमुक मॉडेल पंधरा-वीस वर्षे रस्त्यावर टिकले, म्हणून याच नावाची नवी गाडीही टिकेल, असे माणसे धरून चालतात. वॅगनआर १९९९ पासून भारतात विकली जाते, आल्टो २००० पासून. त्यांच्याबद्दलचे अनुमान या दीर्घ सहवासावर उभे असते. नैयायिक इथे एक हरकत घेतात. धुरावरून अग्नी ओळखताना त्या दोहोंची जोड अतूट असली तरच अनुमान टिकते. नाव तेच राहिले आणि इंजिन, गिअरबॉक्स किंवा सांगाडा बदलला, तर ती जोड तुटते. म्हणून ज्याला भरवसा हवा त्याने नव्याने आलेल्या मॉडेलच्या पहिल्या वर्षातली गाडी टाळावी. नवलाई तरुणांना परवडते, कारण त्यांना रस्त्यात अडकण्याचा त्रास कमी होतो.

सर्वांत रंगतदार साधन म्हणजे शब्द, म्हणजे जाणत्याचे सांगणे. जाणता कोण, याची वात्स्यायनाने भाष्यात दिलेली कसोटी आजही शोरूमच्या दारात वापरता येते. त्याने ती गोष्ट स्वतः जाणलेली असावी आणि जशी जाणली तशीच सांगण्याची त्याची इच्छा असावी. असा माणूस ऋषीही असू शकतो आणि म्लेच्छही, हेही भाष्यकाराने जोडले आहे. विक्री करणारा मुलगा गाडी जाणतो, पण त्याचे कमिशन मध्ये येते. पुण्याला नोकरी करणाऱ्या भाच्याचा हेतू निर्मळ असतो, ज्ञान मात्र मोबाइलवरच्या व्हिडिओंतले. गावातला मिस्त्री दोन्ही कसोट्यांच्या जवळ जातो. त्याची अडचण एवढीच की त्याच्याकडे येतात त्या बिघडलेल्याच गाड्या. न बिघडलेली त्याने पाहिलेलीच नसते. मग उरतो तो त्याच रस्त्यांवर तेच मॉडेल पाच वर्षे स्वतःच्या पैशाने चालवलेला माणूस. अशा दोघातिघांना गाठून सर्व्हिसिंगचे बिल किती येते, पार्ट किती दिवसांत मिळतो, एवढे विचारले तर शोरूमच्या चकचकीत पुस्तिकेपेक्षा जास्त हाती लागते.

संस्थेचा शब्दही शब्दच. भारत एनकॅप ही धडकेची चाचणी २०२३ मध्ये सुरू झाली आणि तिचे तारे जाहिरातींत झळकू लागले. तारे सांगतात ते एवढेच, की ताशी ६४ किलोमीटरने समोरून किंवा ठरावीक वेगाने बाजूने धडक बसली तर आतल्यांचे काय होईल. गाडी बंद पडणार नाही, असे ते सांगत नाहीत. सुरक्षितता आणि भरवसा या दोन गोष्टींची गल्लत घरोघर होते. वयस्काला दोन्ही हव्यात. हाडे ठिसूळ झालेल्या छातीला तरुणाला सहज सोसणारा झटकाही बाधतो. मारुतीने २०२५ मध्ये आल्टो के-१०, सेलेरिओ आणि वॅगनआरच्या सर्व श्रेणींत सहा एअरबॅग दिल्या. हा बदल याच ग्राहकाच्या जास्त उपयोगाचा आहे.

मिलिंदप्रश्नातला नागसेन राजाला विचारतो की रथ म्हणजे नेमके काय: आस, चाक की जू? एकेक भाग बाजूला काढला तर रथ म्हणून काही उरत नाही. भरवशाचेही तसेच आहे. गाडीचा भरवसा केवळ बॉनेटखाली नसतो. लातुरातले सर्व्हिस सेंटर, दुकानात पडून असलेला क्लचप्लेटचा साठा, रेणापूरच्या गॅरेजवाल्याच्या हाताची सवय, खड्ड्यांना पुरेशी जमिनीपासूनची उंची, या सगळ्यांच्या जुळणीला माणसे भरवसा म्हणतात. मुंबईत उत्तम ठरलेली, पण मराठवाड्यात क्वचित दिसणारी गाडी इथे भरवशाची नाही. विजेवरच्या छोट्या गाडीलाही हीच कसोटी. घरात चार्जिंगची सोय असेल आणि फेरी लातूरपर्यंतच असेल तर ती चालवायला हलकी. नाहीतर काळजीचे नवे कारण.

देहाच्या गरजा थोडक्यात सांगता येतात. सीट इतकी उंच हवी की बसताना कंबर खाली टाकावी लागू नये आणि उतरताना दाराला लोंबकळावे लागू नये. उंच छताच्या गाड्या इथे सरस ठरतात. काचा मोठ्या हव्यात, स्टीअरिंग हलके हवे. मागचे पार्किंग सेन्सर जुलै २०१९ पासून सक्तीचेच आहेत. कॅमेरा मिळाला तर मान न वळणाऱ्याला मोठा आधार. पडद्यावर बोटे फिरवून एसी लावायचा असेल तर ती गाडी नको, बटणांची बरी. सेलेरिओमुळे २०१४ पासून स्वस्त गाड्यांत आलेला एएमटी हा स्वयंचलित गिअरचा प्रकार डावा पाय मोकळा करतो. गिअर बदलताना तो थोडा हिसका देतो, पण गुडघेदुखीपुढे तो हिसका काहीच नाही. चाळीस वर्षे क्लच दाबलेल्या माणसाला मात्र दोनच पेडलांची सवय मोकळ्या मैदानात करून घ्यावी लागते.

ही सवय किती गंभीर गोष्ट आहे, हे टोकिओच्या इकेबुकुरो भागात १९ एप्रिल २०१९ रोजी दिसले. सत्त्याऐंशी वर्षांच्या चालकाच्या गाडीखाली सायकलवरून जाणारी आई आणि तिची लहान मुलगी ठार झाली. गाडीतच दोष होता, असे चालक खटल्यात म्हणत राहिला. ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, असा निष्कर्ष काढून न्यायालयाने २०२१ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणत्याही कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. गाडी ही यांतले करण, म्हणजे साधन आहे. ती कितीही भरवशाची घेतली तरी कर्त्याचा भरवसा तिच्यात बसवून मिळत नाही. वयानुसार बाहुली आकसते, नेत्रभिंग पिवळसर होते आणि समोरच्या दिव्यांची तिरीप सोसेनाशी होते. कारखान्याच्या हंगामात मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली संध्याकाळी रस्त्यावर उभी असते. सोयाबीनच्या सुगीत अर्ध्या डांबरावर रास वाळत पडते. ही चूक दुसऱ्याची असली तरी ओळखायची जबाबदारी चालवणाऱ्याचीच. नवी गाडी रेणुकादेवीच्या दारात नेऊन हार घालणे, चाकाखाली लिंबू ठेवणे ही पाचव्या कारणाची दखल आहे. ती घ्यायला हरकत नाही. मात्र तिने दुसऱ्या कारणाची भरपाई होत नाही.

मुले म्हणतात, गाडी घ्या पण ड्रायव्हर ठेवा. कठोपनिषदाच्या रूपकात रथात बसणारा आणि हाकणारा वेगळे आहेत, त्यामुळे हा सल्ला अशास्त्रीय नाही. लांबच्या प्रवासाला आणि रात्रीला तो मानावाच. मात्र रोजच्या कामाला दुसऱ्याची वेळ धरावी लागली, तर गाडी जिच्यासाठी घेतली ती मोकळीक उरत नाही. मुलांच्या काळजीत प्रेम असते तसाच थोडा ताबाही असतो. हे ओळखून मुलांनी पैसे दिले तरी गाडीची निवड वडिलांकडे ठेवणे न्यायाचे. उलट बाजूने, रस्त्यावरच्या अनोळखी पोराच्या जिवापुढे वडिलांचा स्वाभिमान मोठा नाही. धर्मसूत्रांत वाहनातल्या माणसाला आणि म्हाताऱ्याला, दोघांनाही इतरांनी वाट द्यावी असे आहे; म्हातारा स्वतःच वाहन हाकत असला तर काय, हे सूत्रकारांना सुचले नव्हते.

कायद्याचा हात इथे सैल आहे. भारतात परवान्याला वरची वयोमर्यादा नाही. पंचावन्नच्या पुढे तो पाच-पाच वर्षांसाठी नवा होतो आणि डॉक्टरचे प्रमाणपत्र लागते, जे अनेकदा ओळखीवर मिळते. जपानमध्ये पंचाहत्तरीनंतर स्मरणशक्ती व आकलनाची चाचणी द्यावी लागते. अशी चाचणी आपल्याकडे नसल्याने थांबण्याचा निर्णय चालवणाऱ्याच्या विवेकावर पडतो. १९५१ पासून भूदानासाठी वर्षानुवर्षे देश पायी पालथा घालणाऱ्या विनोबांनी १९७० मध्ये क्षेत्रसंन्यास घेतला आणि ते पवनारला स्थिर झाले. त्यांना कोणी थांबवले नव्हते. गाडीच्या बाबतीत असे थांबणे टप्प्याटप्प्याने करता येते आणि ते गाडी घेतानाच घरात बोलून ठेवलेले बरे: आधी अंधारातले चालवणे बंद, मग पावसातले, मग लातूरचा गर्दीचा भाग, शेवटी गावाबाहेरचा रस्ता. डोळ्यांची तपासणी परवान्याच्या तारखेची वाट न पाहता दरवर्षी करावी, आणि गाडीच्या अंगावर नवा ओरखडा दिसला की तो कसा पडला, हे आठवते का, याची स्वतःशीच चौकशी करावी.